रूमलीबाईच्या सुनेची बातमी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "वार्ताहरकीतले गमतीदार अनुभव लिहा. लोकांना जरा हसायला मिळू द्या." मी हो म्हणालो. खापरसारख्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात निम्मं आयुष्य एका दैनिकाला बातम्या पुरवण्यात गेलेल्या माणसाकडे गमतींना काय तोटा? म्हणून सुरुवात गमतीनेच करतो. पुढे कुठवर हसता येतं ते बघू.

आधी वार्ताहर म्हणजे काय ते सांगायला हवं. शहरातल्या वाचकाला वाटतं, ज्याचं नाव बातमीवर छापून येतं तो पेपरचा नोकर. आमच्याकडे वार्ताहर दुकानदार असतो, विमा एजंट असतो, नाहीतर पिठाची गिरणी चालवतो, आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवतो. माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. पेपरकडून मानधन नावाची एक गोष्ट मिळायची, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. सकाळी पार्सल उतरवून अंक वाटायचे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायच्या, आणि या सगळ्यातून सवड झाली की बातमी. मान मात्र होता. लग्नात पहिल्या पंगतीला पाट मिळायचा, आणि बातमीमुळे चिडलेला माणूससुद्धा आधी दुकानात येऊन चहा प्यायचा, मग शिव्या द्यायचा.

एकदा एकाचा बैल हरवला. "छापा," म्हणाला. मी छापलं, अगदी शिंगाच्या ठेवणीसकट. अंक गावात यायच्या आधी बैल घरी आला. माणूस पेढे घेऊन दुकानात हजर. त्याच्या मते बैलाला बातमी लागली होती.

दुसरे आमचे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. दर दिवाळीला ते स्वतःची निधनवार्ता स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून आणायचे. "तारखेची जागा मोकळी सोडली आहे," म्हणायचे. वर्षात नातू झाला असला की 'त्यांच्या पश्चात' मध्ये त्याचं नाव घालून नवी प्रत. एक प्रत मला, एक सलीमभाईला. आम्ही दोघे दोन वेगवेगळ्या दैनिकांचे वार्ताहर, आणि गुरुजींचा एकट्यावर भरवसा नव्हता. सलीमभाईला ते म्हणायचे, "हा सुभाष माझ्याआधी जाईल. तू तब्येतीने धट्टाकट्टा आहेस, तू छापशील."

गुरुजी अजून आहेत. सलीमभाई गेला. आणि मला वाटतं, गमती इथेच संपल्या.

सलीमभाई मणियार. बांगड्यांचा धंदा त्याच्या आजोबांपासून. खापरला छोटं दुकान होतं, पण खरा धंदा आठवडे बाजारांचा. मोलगीच्या बाजाराला तो जीपच्या टपावर बांगड्यांच्या पेट्या चढवून जायचा आणि गोणपाट अंथरून बसायचा. वरच्या पाड्यांवरच्या बाया चारोळी, आमचूर, मोहाची फुलं विकून मीठ-मिरची घ्यायच्या आणि जाता जाता त्याच्यासमोर हात पुढे करायच्या. बांगडी भरायची तर हात हातात घ्यावा लागतो. बोटं दाबून, तळवा गोल करून, हळूहळू सरकवावी लागते. तेवढ्या वेळात बाई बोलते. कुणाची शाळा बंद आहे, कुणाकडे मास्तर आला नाही, कोणत्या पाड्यावर हगवण लागली, धरणाच्या पाण्यात बोट कुठे उलटली, हे सगळं सलीमभाईला बांगड्या भरता भरता कळायचं. त्यांची भिलोरी तो त्यांच्यासारखीच बोलायचा. माझ्याशी अहिराणी, घरी बायकोशी, म्हणजे आमच्या शमीमभाभीशी, हिंदी, आणि बातमी लिहायला बसला की शुद्ध पेपरी मराठी. त्याचं दैनिक माझ्या दैनिकाचं कट्टर स्पर्धक. आम्ही दोघे एकाच मोटारसायकलवर फिरायचो. कचेऱ्यांतल्या बातम्या माझ्या, डोंगरातल्या त्याच्या, आणि संध्याकाळी माझ्या दुकानात अदलाबदल. दोन्ही संपादकांना हे ठाऊक होतं. दोघांनीही कधी विचारलं नाही.

एका वर्षी तो म्हणाला, "सुभाषभाऊ, यंदा बायांचं माप उतरी गयं. अडीचनी बांगडी घालणारी आते सव्वादोन मांगस." म्हणजे मनगटं बारीक झाली होती. त्याने तशी बातमी लिहिली. डेस्कवरून निरोप आला की बांगडीवरून कुपोषणाची बातमी होत नाही, अधिकृत आकडे पाठवा. डेस्क म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयात बसून आमच्या बातम्या कापणारी, जोडणारी मंडळी. त्यांचाही नाइलाज असतो. पान तेवढंच, आणि तालुके जास्त. सलीमभाईने अधिकृत आकडे मागितले, ते मिळाले नाहीत, आणि बातमी तिथेच राहिली.

झोळीची बातमी मात्र त्याने रुजवली. वरच्या कितीतरी पाड्यांना गाडीरस्ता नाही. माणूस आजारी पडला की लांब बांबूला चादर किंवा गोधडी दोन्ही टोकांना बांधायची, त्यात माणसाला घालायचं आणि बांबू दोघांनी खांद्यावर घेऊन चालायचं. बदलीला दोघे-चौघे बरोबर. नाले, चढ, उतार, करत करत जीप मिळेल त्या ठिकाणापर्यंत. सलीमभाईने पहिल्यांदा असा फोटो पाठवला तेव्हा तो पहिल्या पानावर लागला. गाड्या आल्या, साहेब लोक आले, चौकशी झाली. मग दुसरी झोळी. मग तिसरी. मग त्या बातमीचं नावच 'झोळीची बातमी' पडलं आणि ती आतल्या पानावर, मग कोपऱ्यात, मग जागा असली तर. एकदा त्याचा डेस्कवरचा पोरगेला साहेब माझ्यासमोरच फोनवर म्हणाला, "भाई, पुन्हा झोळी? वेगळं काही नाही का?"

सलीमभाई शांतपणे म्हणाला, "पेशंट वेगळा आहे ना साहेब."

मी हसलो होतो तेव्हा. तो नव्हता हसला.

आता त्या दिवसाचं सांगतो. दोन होळ्यांमागची गोष्ट. होळीच्या आधीचा मोलगीचा बाजार म्हणजे सलीमभाईचा वर्षाचा सगळ्यात मोठा धंदा. सगळे डोंगर खाली उतरतात. मी त्या वेळी घरी होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने आधीच धूसर. बाजाराच्या दिवशी रूमलीबाई त्याच्याकडे आली. त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याने हात पुढे करायला सांगितला, तर म्हणाली, यंदा नाही भरायच्या. सून गेली.

सुनेचं नाव रविता. पहिलं बाळंतपण. कळा थांबेनात म्हणून रूमलीबाईचा मुलगा दित्या आणि भावकीतले तिघे तिला झोळीत घालून निघाले. वाटेतच ती गेली, पोटातल्या बाळासकट. तिला घेऊन ते तसेच माघारी फिरले. कुठे नोंद नाही, कुठे कागद नाही. रूमलीबाईने सांगितलं, सांगताना रडली नाही असं त्या संध्याकाळी सलीमभाईच मला म्हणाला, आणि दुसऱ्या सकाळी तो नेहमीची कापडी पिशवी खांद्याला लावून पाड्यावर जायला निघाला. भाभींनी अडवलं होतं. साठी उलटलेली, साखरेचा त्रास, आणि ती चढण. "फोनवरून घ्या ना बातमी," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "तिथे फोन लागत नाही. आणि नवऱ्याला विचारल्याशिवाय कसं लिहू?"

दुपारच्या सुमाराला माझा फोन वाजला.

"सुभाषभाऊ, डोळा कसा शे?"

"पट्टी शे आजून. तू कथा शे?"

"वर. रूमलीबाईना पाडावर. एक दगडवर चढी उभा शे, आठेच रेंज येस. बातमी लिखी ले पटकन, बॅटरी जाई ऱ्हायनी."

"माले काय दिसस का? कोण लिखी?"

"वहिनीले दे."

माझी बायको कमल वही घेऊन बसली आणि मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. बातमी सांगताना त्याची भाषा बदलायची, तशी बदलली. "अक्कलकुवा तालुक्यातील एका दुर्गम पाड्यावरील वीस वर्षीय विवाहितेचा..." मग थांबला. "वहिनी, ते विवाहिता खोडा. नाव लिहा. रविता. रविता दित्या." मग पुढे सांगत गेला. पहाटे निघाले. पहिला नाला ओलांडला. दुसऱ्या नाल्यापाशी तिने खाली उतरवायला सांगितलं. मोहाच्या झाडाखाली ठेवलं. तिने पाणी मागितलं. दित्या ओंजळीत पाणी घेऊन आला तोवर ती गेली होती.

"पाणी मागे ते डेस्क काढी टाकी," मी मध्येच म्हणालो.

"काढू दे. तू लिख."

कमलने लिहिलं. तिचा पेन मध्येच थांबल्याचं मला ऐकू आलं, पण तिने लिहिलं. बातमी संपल्यावर त्याचा श्वास ऐकू यायला लागला.

"काय व्हयनं?"

"काही नही. चढ जड गया. छाती भरी उनी जराशी. बठस थोडा येळ."

"बठू नको. कोणले तरी संगे घे आनि सरळ दवाखानामा जा."

"हाव, हाव. उतरस ना आते. बातमी आजच धाड." आणि फोन कापला गेला.

बातमी आम्ही लगेच दोन्ही दैनिकांना पाठवली. कमलने मोबाईलवर टाइप केली, मी सांगत गेलो. त्याच्या डेस्कला त्याच्या नावाने, माझ्या डेस्कला माझ्या. अशी आमची पद्धतच होती.

ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा आम्हा वार्ताहरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. कुण्या जीपवाल्याने काढलेला, एका तरुण वार्ताहराने टाकलेला. कमल मला वाचून दाखवत होती. "मोलगी परिसरात पुन्हा झोळी. पेशंटचं नाव समजलं नाही. ज्यांना हवी त्यांनी घ्यावी." खाली एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. दुसऱ्याने विचारलं होतं, कोणता पाडा? तिसऱ्याने लिहिलं होतं, माझी पाठवून झाली.

मी म्हणालो, "रविताचा असेल. कोणीतरी तेव्हा काढलेला."

मला दिसत नव्हतं, पण कमल फोन डोळ्यांजवळ नेते तेव्हा तिच्या बांगड्या वाजतात, त्या वाजल्या.

"अहो," ती म्हणाली.

"काय शे?"

"बांबूले पिशवी टांगेल शे. हाई पिशवी सलीमभाईनी शे."

"आशा पिशव्या कितल्याक ऱ्हातीस."

"नही. हाई ठिगळ मी लायेल शे. मशीनवर. हिरवा कापडनं."

चादरीतून फक्त दोन पाय बाहेर आलेले दिसत होते, असं तिने मला नंतर सांगितलं. तोंड दिसत नव्हतं. आमच्या धंद्यातल्या वीस-पंचवीस माणसांनी तो फोटो पाहिला होता, पुढे पाठवला होता, आणि त्यातला माणूस त्यांच्यातलाच होता.

बांबूचं पुढचं टोक दित्याच्या खांद्यावर होतं. त्याच महिन्यात दुसऱ्यांदा. तोच रस्ता, तेच नाले. सलीमभाई त्या दगडापासून थोडा खाली उतरला आणि बसला, तो उठलाच नाही, असं दित्याने सांगितलं. बोलत होता. "मले धीरे धीरे लई चाला," म्हणाला. जीपच्या रस्त्यापर्यंत पोचले तेव्हा बोलत नव्हता.

दफन त्याच रात्री झालं, अख्खं खापर लोटलं. मला कमलने हाताला धरून नेलं. पट्टीतल्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या दैनिकांत तो पहिल्या पानावर होता. 'झोळीचे वास्तव मांडणाऱ्या वार्ताहराचा झोळीतच अंत.' तोच फोटो, पायांचा. कुणी भाभींना विचारलं नव्हतं, आणि विचारायला वेळही उरला नव्हता. तो आधीच सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता. मी सांत्वनाला गेलो तेव्हा शमीमभाभी पडद्यापलीकडे बसल्या होत्या, अंकांची पानं उलटल्याचा आवाज येत होता. इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावरच्या चार महिन्यांत, बाई परक्या पुरुषासमोर येत नाही, पण मला त्यांनी आत बोलावलं होतं.

"सुभाषभाऊ, ज्या बाईसाठी ते गेले, तिचं यात कुठे आहे?"

मी म्हणालो, "येईल."

डेस्कला फोन लावला. आमच्या उपसंपादकांनी खूप आपुलकीने विचारपूस केली. मग म्हणाले, "सुभाषराव, तिचा उल्लेख घेतलाय की. 'एका गर्भवतीच्या मृत्यूची बातमी घेण्यासाठी गेले असता' अशी ओळ आहे पहा."

"नाव नाही."

"नाव नाही बसलं."

"वेगळी बातमी आहे ना ती. कालच पाठवलीय."

"लागोपाठ दोन झोळ्या दिल्या तर वाचकाला एकच वाटते. दोन दिवस जाऊ द्या."

दोन दिवसांनी म्हणाले, आता शिळी झाली. सलीमभाईच्या दैनिकातला साहेब तर फोनवर रडला. खरंच रडला, तो वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याकडे सलीमभाईवरचे लेख येऊन पडले होते, सगळ्या जिल्ह्यातून. ते लावायलाच पान पुरत नव्हतं.

रविताची बातमी मी आणखी दोन ठिकाणी पाठवली. शेवटी एका पोर्टलने घेतली. पोर्टल म्हणजे मोबाईलवरच वाचायचा पेपर, आता असे गावोगाव झालेत. त्यांनी बातमी जशीच्या तशी लावली, पाणी मागितल्याच्या ओळीसकट. मी खूश झालो. मग कमलने पाहिलं, त्यांनी वर फोटो सलीमभाईच्या झोळीचा लावला होता. त्यांच्याकडे तोच होता. तासाभरात खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. हा फोटो तर पत्रकाराचा आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर धंदा करता का? खोट्या बातम्या बंद करा. संध्याकाळपर्यंत पोर्टलने बातमी काढून टाकली आणि 'चुकीची माहिती प्रसिद्ध झाल्याबद्दल दिलगिरी' असं छापलं.

त्या दिलगिरीने काय केलं ते मला थोड्या दिवसांनी कळलं. माझी पट्टी निघाली होती. एका कचेरीत मी रविताच्या मृत्यूची चौकशी झाली का ते विचारायला गेलो. तिथल्या माणसाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "भाऊसाहेब, ती बातमी खोटी निघाली ना? तो फोटो तुमच्या मित्राचा होता म्हणे."

मी म्हणालो, "फोटो चुकीचा होता. बाई खरी होती."

"हो, पण आमच्याकडे तशी काही माहिती आलेली नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी दुःखाने जरा भ्रमिष्ट झालोय. मी पाणी प्यालो आणि उठलो. मेलेलं माणूस मेलंय हे पटवून देण्याचं काम मी यापूर्वी कधी केलं नव्हतं.

मग शोकसभा. शाळेच्या हॉलमध्ये, वर सलीमभाईचा हार घातलेला फोटो, स्टुडिओत काढलेला, केस चापून बसवलेले. आमच्या वार्ताहर संघटनेने ठेवली होती आणि ती चांगल्या मनाने ठेवली होती, हेही लिहितो. मोठी माणसं आली. रस्त्याची घोषणा झाली, रस्त्याला सलीमभाईचं नाव देण्याची घोषणा झाली. रस्त्याचं काम पुढे खालून पहिल्या नाल्यापर्यंत झालं. नारळ फोडायला गाड्या तिथपर्यंत जाव्या लागतात. त्या नाल्यापुढे आजही पायवाट आहे.

दित्या आणि रूमलीबाई जीपने आले होते. मीच निरोप धाडला होता. मागे दाराशी जमिनीवर बसले, खुर्च्या रिकाम्या असून. सूत्रसंचालकाने मधेच पुकारलं, "आपल्या लाडक्या पत्रकाराला ज्याने शेवटचा खांदा दिला तो तरुण इथे आहे. त्याचा आपण सत्कार करू या." दित्याला काय चाललंय कळलं नाही. लोकांनी त्याला उठवलं, पुढे ढकललं. शाल, नारळ. फोटो काढणारे पुढे सरसावले. "इकडे बघ, इकडे बघ." त्याने बघितलं. शाल अंगावर नीट बसत नव्हती, तो ती दोन्ही हातांनी धरून उभा होता. हॉलमध्ये बसलेल्यांतल्या चौघा-पाचांना तरी ठाऊक होतं की या पोराने त्याच वाटेवरून आपली बायको उचलून आणली होती. बाकीच्यांना तो सलीमभाईचा खांदेकरी होता.

मला बोलायला उभं केलं तेव्हा मी भाषण केलं नाही. कमलच्या अक्षरातला तो कागद खिशात होता. मी म्हणालो, सलीमभाईची शेवटची बातमी छापून आलेली नाही, ती वाचतो. आणि वाचली. नाव, पहिला नाला, दुसरा नाला, मोहाचं झाड, पाणी. आवाज कुठेही तुटू दिला नाही, बातमी वाचतात तशी वाचली. वाचून खाली पाहिलं तर टाळ्या वाजल्या. लोकांचा दोष नाही. स्टेजवरचा माणूस वाचायचा थांबला की टाळ्या वाजवतात, तशा वाजवल्या. दित्यानेही वाजवल्या.

बाहेर रूमलीबाई माझ्याजवळ आली. बाजारात बोलते तशा अहिराणीत म्हणाली, "दादा, तू वाचं ते मन्ही सूननं शे ना?"

"हाव बाई."

"पेपरमा उनं का?"

"नही."

"मंग भाई कसाले उना व्हता?" ती म्हणाली. तिला खरंच उत्तर हवं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी वार्ताहरकी सोडली. रागाने सोडली असं लोक म्हणतात. रागाने नाही. बातमी पाठवताना हात थांबायला लागला. शाळेचं स्नेहसंमेलन लिहितानाही वाटायचं, हे कुणासाठी? डेस्कने माझ्या जागी एक हुशार मुलगा नेमला आहे, मोबाईलवरच सगळं करतो. परवा जिल्ह्याच्या गावी उपसंपादक भेटले. निवृत्तीला आलेत. चहा पिता पिता म्हणाले, "एक चांगलं झालं बघा सुभाषराव. तुमच्या भागातून झोळीची बातमी बंद झाली. दोन वर्षं एकही नाही. सलीमचं जाणं वाया नाही गेलं म्हणायचं."

मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं तर यंदाच्या होळीच्या बाजाराचं सांगावं लागलं असतं.

शमीमभाभी आता मोलगीला बसतात. इद्दत संपल्यावर सुरुवातीला कुणी ना कुणी नातलग सोबत जायचं, आता एकट्या जातात. यंदा मी त्यांच्या पेट्या चढवायला जीपपर्यंत गेलो आणि तसाच वर गेलो. गर्दी नेहमीसारखीच. बाया येत होत्या, हात पुढे करत होत्या. भाभींना भिलोरी येत नाही, पण बांगडी भरायला भाषा लागत नाही. मला वाटलं होतं, मी शेजारी बसलो तर बाया बोलतील, त्यांना मी ठाऊक आहे. कोणी बोललं नाही. मी विचारत होतो, वर कसं आहे, शाळा चालू आहे का, कोणी आजारी आहे का. "बरं शे दादा," एवढंच. एकीमागून एक, तेच.

ऊन तापल्यावर रूमलीबाई आली. मागे एक तरुण पोरगी, नवीकोरी ओढणी घेतलेली. दित्याची दुसरी बायको. रूमलीबाईने तिला भाभींसमोर बसवलं. पोरगी हाताचा आधार घेत, जपून खाली बसली तेव्हा मला दिसलं की तिचे दिवस भरत आले होते.

मी रूमलीबाईला म्हणालो, "बाई, इन्हं आतेच काही ठरावा. आठे खाले ठेवा कोणाकडे. मी बोलस दवाखानामा."

तिने मान हलवली, नको म्हणून.

"मंग कोणले तरी सांगी ठेवा. नवा पोरगा शे पेपरमा, त्याले..."

"नही दादा." तिचा आवाज चढला नव्हता. मिठाचा भाव सांगावा तसं सांगत होती. "भाईले मी सांगं. मी सांगं म्हनीसन तो उना, आनि मरी गया. आते आम्ही कोनले काही सांगतस नही. कोनीच नही सांगत."

भाभी बांगड्या भरत होत्या. त्यांनी ऐकलं असणार, पण मान वर केली नाही. पोरगी एकदा सासूकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी तिला विचारलं, "नाव काय तुन्हं?"

तिने तोंड उघडलं. रूमलीबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिने तोंड मिटलं. मग दोघी उठल्या आणि गर्दीतून डोंगराच्या वाटेला लागल्या.